भारमान 85 टक्के असूनही विमान कंपनी बुडते कशी?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. एसटीच्या वाहतूक शाखेत माझी एकतीस वर्षे गेली. त्यातील बरीचशी सांगली विभागात नियते (गाड्या आणि चालक-वाहकांच्या कामाची वेळापत्रके) बसवण्यात, फेऱ्यांचा हिशेब लावण्यात आणि अमुक मार्गाचे भारमान, म्हणजे भरलेल्या आसनांची टक्केवारी, का घसरले याची उत्तरे वरिष्ठांना लिहून पाठवण्यात गेली. मागच्या महिन्यात मुलाकडे फ्रँकफुर्टला जाऊन आलो. जुन्या सवयीने प्रवासभर डोक्यात तेच गणित चालू होते, आणि त्यातून पडलेले तीन प्रश्न इथे मांडतो आहे.

जाताना मुंबईहून दुबई आणि दुबईहून फ्रँकफुर्ट असा मार्ग होता. पहाटे दोनच्या सुमारास दुबईच्या विमानतळावर आषाढीच्या आदल्या रात्री पंढरपूरच्या स्थानकावर असते तशी गर्दी होती, आणि रांगेत माझ्या मागेपुढे असलेल्यांपैकी दुबईत मुक्काम करणारा जवळपास कोणीच नव्हता. ज्या शहराशी आपले काही काम नाही, त्या शहराच्या कंपनीने आपली ने-आण करण्याचा एवढा मोठा व्यवसाय कसा उभा केला, आणि इतके प्रवासी आपले असताना तो आपल्या कंपन्यांना का साधला नाही, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न असा की भारतातील विमानांचे भारमान 80-85 टक्क्यांच्या घरात असते असे वाचतो. आमच्या काळी एखाद्या मार्गाला बारमाही एवढे भारमान मिळाले असते तर आगार व्यवस्थापकांनी पेढे वाटले असते. तरीही किंगफिशर, जेट, गो फर्स्ट अशा कंपन्या एकामागून एक बंद पडल्या, त्या कशामुळे? तिसरा प्रश्न लहान आहे. येताना तिकिटावर एका कंपनीचे नाव होते आणि विमान दुसऱ्याच कंपनीचे निघाले. हा काय प्रकार आहे?

अजिंक्यतारा (सातारा)

काका, आखातातील एका विमानतळावर विमानांच्या जागा आणि वेळा ठरवणाऱ्या विभागात मी अठरा वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. दुसऱ्याचे कोणा हिशेबवाल्याने द्यावे.

दुबई समजून घ्यायला आपल्याला मिरजेपलीकडे जावे लागत नाही. एके काळी मिरजेत तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येत आणि तिथे गाडी बदलल्याशिवाय पुढे जाता येत नसे. त्या स्थानकावर उतरणाऱ्यांपैकी मिरजेचेच काम असलेले किती असत? दवाखाना आणि दर्गा सोडला तर थोडेच. जंक्शन मोठे होते ते तिथून फुटणाऱ्या वाटांमुळे. आता हाच हिशेब विमानांचा करा. चाळीस शहरांतून चाळीस विमाने दोन-तीन तासांच्या अवधीत एका ठिकाणी आली आणि तितक्याच शहरांकडे पुन्हा सुटली, तर प्रत्येक शहराला उरलेली एकोणचाळीस शहरे जोडली जातात, म्हणजे 1,560 प्रवास विकता येतात. थेट विमाने सोडायची म्हटली तर कोचीहून हँबुर्गला रोज विमान भरेल इतके प्रवासी मिळणार नाहीत. पण कोचीहून सगळ्या युरोपला जाणारे एका विमानात सहज बसतात. आम्ही याला 'लाट' म्हणत असू. पूर्वेकडची विमाने मध्यरात्रीच्या आसपास येतात आणि पश्चिमेकडची पहाटे सुटतात. आपण पाहिलेली दोन वाजताची गर्दी म्हणजे त्या लाटेचा माथा होता.

एमिरेट्सचा आरंभ मात्र अगदी साधा आहे. गल्फ एअरने दुबईची उड्डाणे कमी केल्यामुळे दुबईच्या राज्यकर्त्यांनी स्वतःची कंपनी काढली आणि 25 ऑक्टोबर 1985 रोजी तिचे पहिले विमान कराचीला गेले, तेही पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सकडून भाड्याने घेतलेले. आज एअरबस ए-380 ही अजस्र विमाने जगात सर्वांत जास्त तिच्याकडेच आहेत. दुबईची जागा, चोवीस तास उघडा विमानतळ आणि त्याच विमानतळाचे मालकही तेच सरकार, हे तिन्ही जुळून आले.

आता आपल्याला ते का साधले नाही? यात एक कायद्याची गोष्ट आहे, जी प्रवाशाच्या लक्षात येत नाही. एसटीला जसा परवाना लागतो तसा आंतरराष्ट्रीय उड्डाणाला दोन देशांचा करार लागतो. 1944 साली शिकागो येथे झालेल्या परिषदेनंतर ही पद्धत रुजली: कोणत्या देशाच्या कंपनीने कोणत्या शहरात आठवड्याला किती आसने न्यायची हे सरकारे बसून ठरवतात. भारत आणि दुबई यांच्यात 2014 साली दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 66 हजार आसने ठरली. दुबईने आपला वाटा केव्हाच भरून टाकला आणि ती कित्येक वर्षे जास्त मागत राहिली. आपल्या कंपन्यांकडे मात्र लांब पल्ल्याची मोठी विमानेच कमी होती, त्यामुळे मुंबईहून थेट युरोप-अमेरिकेला नेण्याचा हक्क असूनही तो पुरता वापरला गेला नाही. एअर इंडियाने 2023 च्या फेब्रुवारीत 470 विमानांची मागणी जाहीर केली आणि इंडिगोने 2024 मध्ये 30 ए-350 विमाने मागवली, ती या उणिवेपोटीच. विमाने यायला वर्षे लागतात, आणि तोवर आपला प्रवासी दुबईचा चहा पितो.

भूगोल चांगला असला की सगळे आपोआप होते, असे मात्र कोणी समजू नये. सिंगापूर एअरलाइन्सकडे देशांतर्गत एकही मार्ग नाही, कारण देशच एका शहराएवढा आहे. 1972 मध्ये मलेशियापासून वेगळी झाल्यावर पहिल्या दिवसापासून तिला परक्यांच्या दारात उभे राहून प्रवासी मिळवावे लागले, आणि तिच्या प्रसिद्ध सेवेचे मूळ मला तरी त्या गरजेत दिसते. इथिओपियन एअरलाइन्स तर माझी विशेष आवडती. 1946 साली अमेरिकेच्या टीडब्ल्यूए कंपनीच्या मदतीने तिची उड्डाणे सुरू झाली. सरकारी मालकी असूनही तिने स्वतःचे वैमानिक, तंत्रज्ञ आणि दुरुस्ती केंद्र उभे केले आणि आदिस अबाबाला आफ्रिकेचे जंक्शन बनवले. आणि तेही कसल्या जागी! आदिस अबाबा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,330 मीटरवर, आपल्या महाबळेश्वरापेक्षा जवळजवळ हजार मीटर उंच आहे. तिथल्या विरळ हवेत पूर्ण इंधन आणि पूर्ण प्रवासी घेऊन विमान उचलत नाही, म्हणून अमेरिकेला जाताना वाटेत इंधनासाठी थांबावे लागत आले आहे आणि परतताना तेच विमान थेट येते. घाटातल्या गाड्यांची नियते ज्यांनी बसवली आहेत त्यांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

विश्रामबाग (सांगली)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. मी सनदी लेखापाल आहे आणि मुंबईत असताना विमानांच्या भाडेकरारांचे काम काही वर्षे पाहिले आहे.

भारमान हा आकडा एकटा वाचला तर फसवतो. समजा, 180 आसनांच्या विमानाच्या एका फेरीचा खर्च नऊ लाख रुपये आहे. सरासरी पाच हजार रुपयांना तिकीट विकून 153 प्रवासी बसवले तर भारमान 85 टक्के झाले, उत्पन्न मात्र सात लाख पासष्ट हजार, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक तोटा. तेच तिकीट सरासरी सात हजारांना गेले आणि 130 प्रवासी आले, तर भारमान 72 टक्क्यांवर येऊनही थोडा नफा राहतो. (आकडे समजुतीसाठी घेतले आहेत.) सुटलेल्या विमानातील रिकामे आसन पुन्हा कधीच विकता येत नाही, म्हणून कंपन्या शेवटी पडेल भावात आसने भरतात आणि भारमान चांगले दिसते.

त्यातही आपल्याकडे पायच दोन वेगवेगळ्या होड्यांत आहेत. तिकीट रुपयांत विकले जाते. विमानाचे भाडे, सुटे भाग आणि इंजिनांची दुरुस्ती डॉलरमध्ये असते, आणि इंधनाचा भावही डॉलरच्या चालीने हलतो. विमानाचे इंधन अजून जीएसटीबाहेर आहे, त्यामुळे प्रत्येक राज्याचा व्हॅट निराळा. रुपया घसरला किंवा तेल चढले की आदल्या महिन्यात विकून झालेल्या तिकिटांवर काहीच वसूल करता येत नाही.

विमान स्वतःचे असते हाही एक गैरसमज आहे. जगातील जवळपास निम्मी प्रवासी विमाने भाड्याची आहेत आणि या व्यवसायाची राजधानी आयर्लंड आहे. तिथल्या टोनी रायन यांनी 1975 मध्ये गिनीस पीट एव्हिएशन ही विमाने भाड्याने देणारी कंपनी उभारली. पुढे स्वस्त प्रवासासाठी ओळखली जाणारी रायनएअर ज्यांच्या नावाने चालते तेही हेच. इंडिगोची युक्ती यावरच आधारलेली आहे. 2005 मध्ये, एकही विमान उडण्याआधी, तिने 100 विमानांची मागणी नोंदवली. घाऊक खरेदीमुळे भरघोस सूट मिळते. विमान ताब्यात येताच ते भाडे कंपनीला विकायचे आणि तिच्याकडूनच सहा-सात वर्षांसाठी भाड्याने घ्यायचे. भांडवल अडकत नाही, विमाने नवी राहतात, इंधन कमी लागते आणि मोठ्या दुरुस्तीची वेळ येण्याआधी विमान मालकाकडे परत जाते.

मात्र भाडे उड्डाणावर नसते, महिन्यावर असते, आणि गो फर्स्टचा बळी इथेच गेला. तिच्या ए-320 निओ विमानांना प्रॅट अँड व्हिटनीची इंजिने होती. ती नादुरुस्त होत गेली, बदली इंजिने वेळेवर आली नाहीत आणि जवळपास निम्मी विमाने जमिनीवर उभी राहिली. भाडे मात्र चालूच. मे 2023 मध्ये कंपनीने स्वतःहून दिवाळखोरीचा अर्ज केला. जेटचे, म्हणजे एप्रिल 2019 मध्ये थांबलेल्या कंपनीचे, कारण थोडे वेगळे होते: पूर्ण सेवेचा खर्च आणि स्वस्त कंपन्यांशी भावाची स्पर्धा, ही दोन ओझी तिला एकदम पेलली नाहीत.

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिवशाहीच्या भाड्याच्या गाड्या मी पाहिल्या आहेत. गाडी आणि चालक मालकाचा, वाहक आमचा. विमानांतही असे असते का? आणि दुसरे असे की आमच्याकडे मुक्कामी गाडी ही खेड्याची सोय असली तरी हिशेबात ती रात्रभर उभीच. विमाने रात्री उभी राहतात का?

अजिंक्यतारा (सातारा)

विमान, वैमानिक, कर्मचारी, दुरुस्ती आणि विमा सगळे मालकाचे असले तर त्याला 'वेट लीज' म्हणतात आणि नुसते विमान घेतले तर 'ड्राय लीज'. आपली भाड्याची शिवशाही यांच्या मधली म्हणावी लागेल.

मुक्कामी गाडीचा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण स्वस्त कंपनीचे सगळे शास्त्र त्यातच आहे. अमेरिकेतील साउथवेस्ट 1971 मध्ये टेक्सासमधील तीन शहरांत सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशाच्या ओढीने तिने चारपैकी एक विमान विकले, पण वेळापत्रक चारचेच ठेवले. ते कसे पाळले? विमान दारात लागल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा सोडून. एकाच जातीची विमाने, आसन क्रमांक नव्हते, जेवण नव्हते. एका विमानाच्या दिवसाच्या सहा फेऱ्यांमध्ये पाच थांबे येतात. प्रत्येक थांबा पंचेचाळीसऐवजी पंचवीस मिनिटांचा केला तर शंभर मिनिटे वाचतात, म्हणजे मुंबई-गोव्याची एक फेरी फुकट. हीच साउथवेस्ट 2019 पर्यंत सलग 47 वर्षे नफ्यात होती.

पण दोरी फार ताणली की तुटते. डिसेंबर 2022 च्या हिमवादळात कोणता वैमानिक कुठे अडकला आहे याचा हिशेब साउथवेस्टच्या जुन्या संगणक प्रणालीला लागेना आणि दहा दिवसांत तिची सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. आपल्याकडे डिसेंबर 2025 मध्ये इंडिगोचे जे झाले त्याची जातही हीच: वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 तासांवर नेणारा आणि रात्रीच्या उतरणीवर मर्यादा घालणारा नियम लागू झाला, आणि कामगिरीचे पत्रक इतके घट्ट बसवलेले होते की त्यात तेवढी जागाच नव्हती. राखीव चालक ठेवणे वरिष्ठांना नेहमी उधळपट्टी वाटते, हे काकांना ठाऊक असेलच.

कोयनाकाठ (कराड)

कराडच्या धावपट्टीजवळ लहानाचा मोठा झालो, म्हणून एक स्थानिक पुरवणी जोडतो. लहान शहरांसाठी केंद्राच्या उडान योजनेत (पहिले उड्डाण 27 एप्रिल 2017, शिमला-दिल्ली) ठरावीक आसने मर्यादित भाड्याने विकायची आणि तूट सरकारने तीन वर्षे भरून द्यायची, अशी रचना आहे. त्या काळात मार्गावर दुसरी कंपनी येत नाही. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर जानेवारी 2019 पासून याच वाटेने वाढली. तिने 180 आसनांचा नाद केला नाही. 50 आणि 76 आसनांची एम्ब्रेअर विमाने घेतली. ज्या मार्गावर दिवसाला साठ प्रवासी आहेत तिथे मोठी गाडी लावून उपयोग नाही, हे तिने ओळखले. अनुदान संपल्यावर मार्ग टिकतो का, ही खरी परीक्षा असते आणि देशभरात पुष्कळ मार्ग तिथे नापास झाले आहेत. सांगलीजवळच्या कवलापूरच्या नियोजित विमानतळाची चर्चा करताना सांगलीकरांनी धावपट्टीच्या लांबीइतकाच याही गोष्टीचा विचार करावा, असे मला वाटते.

विश्रामबाग (सांगली)

तिसरा प्रश्न राहूनच गेला. त्या प्रकाराला 'कोडशेअर' म्हणतात: एक कंपनी दुसरीच्या विमानातील आसने स्वतःच्या क्रमांकाने विकते. 1997 मध्ये पाच विमान कंपन्यांनी मिळून स्टार अलायन्स ही आघाडी स्थापन केली, नंतर वनवर्ल्ड आणि स्कायटीम या आघाड्या आल्या, आणि ही पद्धत सर्रास झाली. तिकिटावर 'ऑपरेटेड बाय' असे बारीक अक्षरांत लिहिलेले असते. सामानाचे वजन आणि चेक-इनचा कक्ष यांची चौकशी त्या नावाप्रमाणे आधीच करावी. सामान मोडले तर 1999 च्या माँट्रिअल कराराप्रमाणे तिकीट विकणारी आणि विमान चालवणारी अशा दोघींपैकी कोणाकडेही दावा करता येतो, मात्र लेखी तक्रार सात दिवसांत द्यावी लागते. सामान उशिरा मिळाले असेल तर एकवीस दिवसांत. बॅगेच्या पट्ट्याची पावती तोवर फेकू नये.