जिल्हा लीगची नवी रचना थांबवायची आहे, सुरुवात कुठून करावी?

डावी_विंग
आमच्या जिल्हा फुटबॉल लीगचं नवं पत्रक आलं. दोन गट मोडून एकच गट, 10 संघ कायमचे, खालून वर चढायची वाट बंद. सगळे सामने जिल्ह्याच्या ठिकाणी, संध्याकाळी 7 ला, दिव्याखाली. तालुक्याचे 6 संघ बाहेर. आणि शेवटची एसटी त्याआधीच निघते, म्हणजे गावचे प्रेक्षकही बाहेरच. हरकतीला 20 दिवस आहेत. सह्या घ्याव्या, बहिष्कार टाकावा, की मैदानात बसावं?

घटनावाला
भाऊ, सह्या नंतर. प्रेक्षकाला मत नसते, क्लबला असते. आधी संघटनेची घटना हाती घ्या. लेटरहेडवर 'एफ'ने सुरू होणारा न्यास क्रमांक असेल तर सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात अर्ज करून घटना आणि परिशिष्ट-एक यांच्या प्रमाणित नकला मागा. उद्याच अर्ज टाका, नकला मिळायला वेळ लागते. परिशिष्टावर पदाधिकाऱ्यांची नावं असतात. पदाधिकारी बदलले की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागते; तो दिलाच नसेल तर पत्रकावर सही करणाऱ्याच्या अधिकारावर बोट ठेवता येते.
घटनेत पाहा: रचना ठरवायचा हक्क आमसभेचा की कार्यकारिणीचा? विशेष सभा मागायला किती सभासद लागतात, नोटीस किती दिवसांची?

वकिली_बेंच
संस्था नोंदणी कायदा 1860, कलम 12: 10 दिवसांची नोटीस, तीन पंचमांश मतं, महिनाभराने दुसरी सभा. हे झालं नसेल तर ठराव पडते.

घटनावाला
दादा, इथे नाही चालत. कलम 12 संस्थेचे उद्देश बदलायला आहे. लीगमध्ये किती संघ खेळतील हा उद्देश नाही, नियमावलीचा भाग आहे. हरकतीत चुकीचं कलम घातलं की समोरचे त्याच एका ओळीला उत्तर देतात आणि बाकी मुद्दे तसेच राहून जातात.

ढोल_गोलमागे
जर्मनीचं उदाहरण नीट पाहा. डिसेंबर 2023 मध्ये तिथल्या लीगने बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा ठराव केला. 36 क्लबांपैकी 24 मतं लागत होती, नेमकी 24 च पडली. हॅनोव्हर या क्लबच्या मूळ संस्थेने आपल्या प्रतिनिधीला विरोधात मत द्या असं बजावलं होतं, पण मतदान गुप्त होतं, ते मत कुठे गेलं हे कागदावर आलंच नाही. तेव्हा तुमची पहिली लेखी मागणी हीच ठेवा: मतदान हात वर करून, क्लबवार नोंद इतिवृत्तात.
तिथल्या प्रेक्षकांनी आधी पहिली 12 मिनिटं आवाज बंद ठेवला, मग टेनिस बॉल फेकून सामने अडवले. 21 फेब्रुवारी 2024 ला लीगने तो व्यवहार सोडला. आपल्याकडे बॉल फेकू नका. पंचांनी सामना थांबवला की दंड यजमान क्लबवर, म्हणजे आपल्याच पोरांवर. 12 मिनिटं ढोल-ताशा बंद मात्र कोणालाही जमते आणि परवानगी लागत नाही. रॅली काढायची असेल तर पोलीस ठाण्यात आधी लेखी अर्ज द्या; जमावबंदी आदेश असला तर तारीख बदला.

डावी_विंग
आणि फी? नवी फी भरायची नाही असं काही क्लब म्हणून राहिले.

लाइनमन
ते करू नका. मुदत चुकली की 'संघाने नोंदणीच केली नाही' असं लिहून मोकळे होतात, मग रचनेवर भांडायला तुम्ही सभासदच उरत नाही. फी भरा, सोबत पत्र द्या: 'रचनेला हरकत कायम ठेवून, हक्क राखून भरणा.' पावती आणि पत्राची पोच, दोन्ही घ्या.
वेगळी लीग काढायचा विचारही थांबवा. सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याला मान्यताप्राप्त स्पर्धेचंच प्रमाणपत्र चालते. खेळाडूंचं वर्ष जाईल.
सहाही क्लबांनी आपापल्या सभेत ठराव घ्यावा. प्रोसिडिंग बुकात तारीख, कोरम, सूचक-अनुमोदक, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या. मजकूर सगळ्यांचा एकच असू द्या. कायम ठेवलेल्या 10 मधल्या दोन-तीन क्लबांनाही भेटा. खालून कोणी येणार नसेल तर शेवटचे सामने कोरडे जातील, हे त्यांनाही कळते. प्रेक्षकांच्या सह्या आठवडी बाजाराच्या दिवशी घ्या, नाव आणि गावासकट, आणि क्लबच्या ठरावाला जोडा. कापूस वेचणी सुरू झाली की माणूस भेटणार नाही, त्याआधीचे दोन बाजार पकडा.