चुलते खडकीहून कायमचे घरी येतायत, व्हीलचेअरसाठी घर कसं करून घ्यायचं?

कोरेगावचा_पुतण्या
नमस्कार मंडळी. माझे चुलते, आमचे नाना, फौजेत हवालदार होते, ड्युटीवर मणक्यात गोळी लागली, कमरेखाली संवेदना नाही. काही वर्षं खडकीच्या पॅराप्लेजिक सेंटरला (कमरेखाली लुळ्या पडलेल्या जवानांच्या केंद्रात) आहेत, आता दिवाळीला घरी यायचं म्हणतायत. घर जुनं दगडमातीचं, जोतं सव्वादोन फूट, तीन पायऱ्या, वर उंबरठा, संडास परसात. मंडळाच्या पोरांनी यंदा डीजेचे पैसे नानांच्या घराला द्यायचं ठरवलंय, गवंडी मजुरी घेणार नाही म्हणतो, वाळू तर एकानं ट्रॅक्टरनं आणून टाकली पण. मागं नाना दोन दिवस आलेले तेव्हा चौघांनी खुर्चीसकट उचलून आत घेतलं, ते काही बोलले नाहीत पण नंतर एकदाही ओट्यावर आले नाहीत, ते माझ्या मनातनं जात नाही. गवंडी म्हणतोय आठ फुटाचा उतार बास. बरोबर आहे का?

साइटवरचा_माणूस
आठ फूट अजिबात नको, त्यावर धडधाकट माणूस खुर्ची ढकलतानाच दमेल, नाना एकटे कसे चढणार? एक इंच उंचीला एक फूट उतार, म्हणजे तुमच्या २७ इंचाला २७ फूट. सरळ जागा नसेल तर वळण घ्या, वळणावर ५ बाय ५ फूट सपाट जागा सोडा, दारापुढं पण तेवढीच, नाहीतर दार उघडताना खुर्ची मागं घसरते. कोबा घोटून गुळगुळीत करू देऊ नका, ओला असतानाच खराट्याच्या आडव्या रेघा ओढून घ्या. कडेला चार इंचाचा कट्टा आणि धरायला पाइप. दार मोकळं तीन फूट पाहिजे, पण भिंत मातीची आहे तर आधी टेकू लावा, मगच चौकट काढा.

खडकीची_लेक
माझे वडील पण पॅराप्लेजिक, म्हणून सांगते, उतारापेक्षा संडास-बाथरूम आधी बघा आणि ते घरातच घ्या. कमोडची उंची खुर्चीच्या गादीशी जुळली पाहिजे, शेजारी भिंतीत पक्का दांडा, दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं. गरम पाण्याचा नळ नीट बघून बसवा. आमच्याकडं बाबांच्या पायावर कढत पाणी पडलं आणि त्यांना कळलंच नाही, संध्याकाळी आईनं मोजे काढले तेव्हा टरटरून फोड आलेले, ते भरायला महिने गेले. खरचटलं तरी असंच कळत नाही, म्हणून फरशीला, कट्ट्याला कुठं धारदार कोपरा ठेवू नका.
आणि नानांना विचारलंत का? सेंटरमध्ये ही माणसं खुर्चीवरनं पलंगावर स्वतः जातात, बास्केटबॉल खेळतात, आणि घरी आणलं की आपणच त्यांना आजारी करून ठेवतो. माप त्यांच्याच खुर्चीचं घ्या.

रिटायर्ड_सुभेदार
ताई बोलल्या ते शंभर टक्के. आपल्या शेजारच्या सांगलीचे फौजी मुरलीकांत पेटकरसाहेब १९६५ च्या लढाईत जखमी झाले आणि १९७२ ला जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकला (अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकला) पोहण्यात गोल्ड घेऊन आले, तेव्हा नानांना कोपऱ्यातल्या खाटेवर बसवून ठेवायचं डोक्यातनं काढा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचे कागद घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, काय मदत बसते ती विचारून घ्या. आणि पोरांना सांगा, उतार अंगणात संपवू नका, घरापुढच्या गटारीवर पक्का स्लॅब टाका, पारापर्यंत खुर्ची गेली पाहिजे.

कोरेगावचा_पुतण्या
सगळ्यांचे मनापासून आभार. नानांना काल व्हिडिओ कॉल लावला, आम्ही अंगण दाखवत होतो तर ते म्हणाले उतार रस्त्याकडं नको, गोठ्याच्या बाजूनं काढा, सकाळी म्हशीला वैरण मीच टाकीन. कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून एवढं बोलले. खुर्चीचं माप आणि गादीची उंची लिहून पाठवलीय. आज फक्कीनं आखलं, एक वळण घेऊन २७ फूट बरोबर गोठ्याच्या दारात येतात. गवंडी आधी कुरकुरला, मग दोरी लावून स्वतःच दोनदा मोजलं. पारापर्यंतचा स्लॅब दिवाळीनंतर घेतो, उद्यापासून बाथरूमची खोदाई.