डेकल २८० सें.मी. : ट्रिम कमी करायला एक्सेल पुरेल का?

प्लॅनिंग, कुपवाड
पेपर मिलचा क्राफ्ट कागद, १२० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम), १८ बीएफ (फुटण्याला विरोध करायची ताकद). कडा काढून डेकल, म्हणजे मशिनवर मिळणारी कागदाची रुंदी, २८०. ऑर्डर : १०५ चे २० रील, ८५ चे ३०, ७० चे १०. हाताने मांडलं की १०५+१०५+७० चे १० सेट (एका रुंदीतून एकत्र कापलेले रील) निघतात, ट्रिम (रुंदीत वाया जाणारी पट्टी) शून्य. उरलेले ८५ तीन-तीन लावतो. तासगावच्या द्राक्षपेट्यांमुळे रोज नवं माप येतंय. सॉफ्टवेअर विकत घ्यावं का? आणि ट्रिम पल्परलाच (कागदाचा परत लगदा करणारं यंत्र) जातो, मग तोटा कितीसा?

उत्तर १
गोम त्या शून्यातच आहे. सोयीची मापं आधी संपतात आणि मागे ८५×३ = २५५ राहतं. दहा सेटला २५-२५ सें.मी., म्हणजे २० सेटच्या ५६०० मध्ये २५०, साडेचार टक्के. त्याऐवजी :
१०५+८५+८५ चे १५ सेट
१०५+१०५+७० चे २
७०×४ चे २
१९ सेट, ट्रिम ७५ सें.मी., १.४ टक्के. १०५ चा एक रील कमी पडतो. ऑर्डरला ±५ टक्के मान्य असेल तर प्रश्न नाही.

एक्सेलच्या सॉल्व्हरला (सर्वांत चांगली मांडणी शोधणारं अ‍ॅड-इन) एवढं सहज जमतं. एका ओळीत एक पॅटर्न (मापांची एक जुळणी), समोर त्यातून निघणारे रील, शेवटी सेटची संख्या. ती संख्या पूर्णांक ठेवा, पद्धत सिम्प्लेक्स एलपी, उद्दिष्ट सेट कमीत कमी. प्रत्येक मापाला ९५ ते १०५ टक्के मर्यादा. ऑप्शन्समध्ये इंटिजर ऑप्टिमॅलिटी (सर्वोत्तम उत्तरापासून किती फरक चालेल ते) १ टक्का असते, ती ० करा. बदलते सेल २०० पेक्षा जास्त झाले की मात्र सॉल्व्हर हात टेकतो.

पल्परला गेलेला कागदाचा तंतू परत येतो. वाफ, वीज आणि मशिनचा वेळ येत नाही.

उत्तर २
नुसती ट्रिम बघू नका, सर. एकेका सेटसाठी नवा पॅटर्न आला की दरवेळी चाकू सरकवायचे, रिवाइंडर (रील कापणारं मशिन) थांबतो, मागे जंबो (न कापलेले मोठे रोल) साचतात. दोन सेटच्या आतले पॅटर्न वगळून एकदा परत चालवून बघा. अर्धा टक्का ट्रिम वाढली तरी बहुतेक वेळा परवडतं.

उत्तर ३
वेळापत्रकात वेग जीएसएमनुसार टाका. १२० ला ३०० मीटर/मिनिट धरले तर २.८×३००×१२०×६० ÷ १० लाख = ताशी ६.०५ टन. १८० ला ड्रायर पुरत नाहीत, वेग २०० वर आणला तर टन तेवढेच. शीटमध्ये ३०० तसेच राहिले तर ९.०७ दिसतात आणि त्यावर दिलेली डिलिव्हरीची तारीख चुकते.

क्रम १००-१२०-१४०-१८० असा चढता, मग उतरता. १०० वरून थेट १८० ला उडी मारली की वजन आणि ओलावा बसेपर्यंतचा कागद सगळा ब्रोक, म्हणजे परत लगद्याला जाणारा वाया कागद.