लढाई चालू असताना प्रश्न विचारणारा देशद्रोही ठरतो का?

पानशेत (धागाकर्ता)

आमच्या शाळेच्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. चाळीस-एक जण, सगळे पन्नाशीच्या आसपासचे. १० मे २०२५ च्या संध्याकाळी पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाल्याची बातमी आली आणि आमच्यातल्या एकाने एवढंच लिहिलं, "आपल्या परराष्ट्र सचिवांच्या आधी अमेरिकेच्या अध्यक्षांनी हे जाहीर कसं केलं?" दहा मिनिटांत त्याला देशद्रोही म्हणून झालं, पाकिस्तानात जा सांगून झालं. रात्री त्याला ग्रुपमधून काढलं. काढणारा त्याचा पहिलीपासूनचा बाकावरचा शेजारी. काढलेल्या मित्राच्या वडिलांच्या तेराव्याला हाच माणूस पंगतीत वाढत होता. तेव्हापासून मला नीट झोप नाही, हे खरं सांगतो.

त्या रात्री सगळ्यांचं म्हणणं एकच होतं : लढाईच्या वेळी सरकारला प्रश्न विचारायचे नसतात. मग १९६२ चं काय करायचं? २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. थंडीचे धड कपडे अंगावर नसताना आपले जवान हिमालयात लढत होते. अशा वेळी जनसंघाचे अटलबिहारी वाजपेयी नेहरूंना भेटून म्हणाले, संसद ताबडतोब बोलवा. नेहरूंनी ठरल्या तारखेची वाट न बघता ८ नोव्हेंबरला अधिवेशन बोलावलं. बैठक गुप्त ठेवा अशी सूचना आली होती, ती त्यांनी मानली नाही. युद्ध संपलेलं नव्हतं आणि सभागृहात सरकारचे वाभाडे निघत होते, उघडपणे. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन त्याच वर्षी उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींना हरवून निवडून आले होते. त्यांना अधिवेशनाच्या तोंडावर जावं लागलं, आणि त्यामागे खुद्द काँग्रेसच्या खासदारांचा रेटा होता.

त्यांच्या जागी यशवंतराव गेले. "हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला" हे आपण आजही छाती फुगवून सांगतो. सह्याद्रीला बोलावणं आलं ते कुणीतरी भर लढाईत प्रश्न विचारले म्हणून. ते विचारणारे देशद्रोही होते का?

सातारी_फौजी

धागा वाचला. चोवीस वर्षं नोकरी करून घरी आलोय, आता शेती बघतो. तुमच्या मित्राला काढलं ते वाईट झालं, पण तुमचा दाखला मला पटत नाही.

संसदेत उभा राहून बोलणारा माणूस वेगळा आणि मोबाईलवर बोट फिरवणारा वेगळा. खासदाराचं नाव, गाव, पक्ष सगळं समोर असतं. तो जे बोलतो ते कायमचं लिहून राहतं. २६/११ आठवा. नरिमन हाऊसच्या गच्चीवर कमांडो उतरत होते आणि चॅनेलवाले ते थेट दाखवत होते. कसाबच्या निकालात, २०१२ साली, सुप्रीम कोर्टानं वाहिन्यांना त्यावरून चांगलंच खडसावलं. म्हणजे बोलण्यानं आणि दाखवण्यानं माणसं मरू शकतात, हे आम्ही मनानं रचून सांगत नाही.

कारगिलच्या वेळी माझ्या आईला महिना-महिना पत्र नसायचं. बिचारी देवासमोर बसायची, पण निदान शांत बसायची. आता माझा पुतण्या जम्मूकडं आहे. ८ मेच्या रात्री वहिनीच्या फोनवर चाळीस-पन्नास व्हिडिओ आले. कुठं आग, कुठं विमान पडतंय. तिला सकाळपर्यंत धरून बसलो होतो. त्यातले बरेचसे नंतर खोटे निघाले. त्या रात्री मला ना सरकारची बाजू घेणारा जवळचा वाटला, ना प्रश्न विचारणारा.

प्रश्न नंतर विचारा. कारगिल संपल्यावर तीन दिवसांत चौकशीला सुब्रह्मण्यम समिती नेमली होती आणि पुढच्या फेब्रुवारीत अहवाल संसदेसमोर आला. त्याला म्हणायचं विचारणं.

शब्दवेडी

फौजीदादा, वहिनींचं वाचून पोटात कालवलं. पण त्या रात्री कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची खोटी बातमी ओरडून सांगणारे कोण होते? मोठमोठ्या वाहिन्या. आणि त्या ती देशप्रेमाच्या नावाने सांगत होत्या. सरकारला प्रश्न विचारणाऱ्यांनी ती सोडलेली नव्हती.

मला भाषेबद्दल बोलायचंय, कारण बायकांच्या वाट्याला ती वेगळी येते. पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यात नौदलाचा एक तरुण अधिकारी मारला गेला. लग्नाला आठवडाही झाला नव्हता. त्याची बायको म्हणाली, मुसलमानांच्या आणि काश्मिरी लोकांच्या मागे लागू नका, आम्हाला शांतता हवी आणि न्याय हवा. बस, एवढंच. त्यावर तिच्या चारित्र्यापर्यंत लोक गेले. ज्या बाईच्या कपाळावरचं कुंकू पुसलं म्हणून देश रडला, तिलाच थोड्याच दिवसांत शिव्या! राष्ट्रीय महिला आयोगाला तिच्या बाजूने उभं राहावं लागलं. मग परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री. शस्त्रसंधीचा निर्णय त्यांनी पत्रकारांना सांगितला, तर लोक त्यांच्या मुलीपर्यंत पोचले. त्यांना एक्सवरचं खातं कुलूपबंद करावं लागलं. सरकारचाच निर्णय सांगणारा, सरकारचाच अधिकारी!

आणि आमच्या बाजूचंही सांगते. मी सरकारच्या विरोधात मत देणारी आहे. आमच्याकडे 'अंधभक्त' हा शब्द कुठल्याही मुद्द्याला उत्तर म्हणून चालतो. माझ्या सख्ख्या मामांना मी तो एकदा वापरला. मामांनी तेव्हापासून माझ्याशी राजकारण काढलेलं नाही. त्यांचं मत बदललं नाही. फक्त ते मला सांगायचे थांबले, आणि हे माझं नुकसान आहे.

नदीकाठ

भाषा सौम्य ठेवा म्हणणाऱ्यांची मला धास्ती वाटते. शब्दवेडी, तुम्हाला उद्देशून नाही. पण सभ्यतेचा नियम नेहमी आधी दुबळ्याला लागू होतो. १८९७ साली पुण्यात प्लेग, घराघरात शिरणारे सोजीर, रँडचा खून, आणि केसरीत अग्रलेख : "सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?" ही काय सौम्य भाषा आहे? त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिने सक्तमजुरी झाली. न्यायाधीश स्ट्रॅची यांनी कायद्याचा अर्थ असा लावला की सरकारबद्दल प्रीती नसणं हीच अप्रीती. म्हणजे प्रेम करा, नाहीतर आत चला. आजच्या शिवीगाळीच्या मुळाशी मला तोच अर्थ दिसतो, फक्त खटला गल्लोगल्ली चालतो.

आणि आगरकर? ते जिवंत असताना पुण्यात त्यांची प्रेतयात्रा काढली. काढणारे इंग्रज नव्हते. आपलेच होते, धर्मनिष्ठ, देशाभिमानी. आगरकर घरातून ती बघत होते असं म्हणतात. तरी त्यांचं 'सुधारक' पत्र बंद पडलं नाही.

आडवळण

टिळकांचा दाखला दर वेळी येतो आणि दर वेळी चुकीच्या जागी येतो. ते परकं सरकार होतं, कुणी निवडून दिलं नव्हतं. आज पाच वर्षांनी आपण सरकार बदलू शकतो. हा फरक डॉ. आंबेडकरांनी स्वच्छ सांगितलाय. २५ नोव्हेंबर १९४९ चं संविधान सभेतलं भाषण काढा. घटनात्मक मार्ग उपलब्ध असताना सत्याग्रह, असहकार, कायदेभंग हे सोडले पाहिजेत, ते अराजकाचं व्याकरण आहे, असं ते म्हणाले. बाबासाहेबांना कुणी सरकारधार्जिणे म्हणेल का?

मी सत्ताधारी पक्षाला मत देतो. लपवत नाही. माझे आजोबा बेचाळीसला तुरुंगात होते आणि देश म्हटलं की माझ्या डोळ्यांत पाणी येतं, त्याची मला लाज वाटत नाही. पण ऑफिसात जेवताना मी तोंड उघडलं की दोन माणसं एकमेकांकडे बघून हसतात. ते हसणं मतभेद म्हणून खपतं आणि मी चिडलो की मी झुंडीतला. सैन्याने हल्ला केला त्याच दिवशी "पुरावा काय?" असं विचारणाऱ्याला माहिती हवी असते यावर माझा विश्वास नाही. त्याला मला खाली बघायला लावायचं असतं.

पानशेत

आडवळण, ते हसणं चुकीचंच आहे. माझ्याकडूनही तसं झालं असेल.

पण भाषण पूर्ण घ्या. त्याच दिवशी, त्याच भाषणात बाबासाहेबांनी भक्तीबद्दलही सांगितलंय : धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असेल, राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. एका हाताने त्यांनी रस्त्यावरच्यांना आवरलं आणि दुसऱ्या हाताने तुम्हा-आम्हाला.

निवडून आलेलं सरकार म्हणता, तर १९७५ ला आणीबाणी लादणारं सरकारही निवडून आलेलंच होतं. त्या डिसेंबरात कऱ्हाडला साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले परराष्ट्रमंत्री. बासष्टला जे प्रश्नांमुळे दिल्लीला गेले तेच. त्यांच्याच गावात, त्यांच्यादेखत दुर्गाबाईंनी तुरुंगातून आजारी होऊन बाहेर आलेल्या जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. एक शिवी नाही, एक घोषणा नाही. पुढे त्यांना अटक झाली. पाच वर्षं थांबा असं दुर्गाबाईंना सांगता आलं असतं का?

कोर्टनाका

वकील आहे म्हणून कायद्यापुरतं. बासष्टची चर्चा चालूच आहे तर, त्याच वर्षी जानेवारीत केदारनाथ सिंह खटल्याचा निकाल लागला. सुप्रीम कोर्टाने राजद्रोहाचं कलम १२४ अ ठेवलं, पण हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा, नुसती कडक टीका नाही, असं बजावलं. मे २०२२ मध्ये कोर्टाने ते कलम स्थगित ठेवलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'राजद्रोह' हा शब्द नाही, पण देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दल कलम १५२ आहे आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते.

आता पुण्याचा मामला. मे २०२५ मध्ये एकोणीस वर्षांच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलीने ऑपरेशन सिंदूरबद्दल कुणाची तरी पोस्ट पुढे टाकली. धमक्या आल्यावर काढली, माफी मागितली. तरी कॉलेजने काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. परीक्षा तोंडावर. २७ मेला मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला आणि कॉलेजला फटकारून तिला सोडायला सांगितलं आणि परीक्षेला बसू द्या म्हणून आदेश दिला. कोर्टात न्याय मिळाला, मान्य. पण मधले दिवस त्या पोरीने तुरुंगात काढले. माझ्याकडे आजकाल आईबाप येतात आणि विचारतात, आमच्या मुलाने अमुक लिहिलंय, काढायला सांगू का? मी पूर्वी कायदा सांगायचो. आता मीही "काढून टाका" म्हणतो. हे सांगताना मला फार वाईट वाटतं.

आडवळण

ती पोस्ट मला आजही संतापजनक वाटते. पण अटक? नाही. एकोणीस वर्षांच्या पोरीने माफी मागितल्यावर तिथे थांबायला हवं होतं. एवढं मी मान्य करतो.

कऱ्हाडबद्दल उत्तर नाही माझ्याकडे. आमच्याकडची कितीतरी माणसं तेव्हा तुरुंगात होती, हे मीच विसरलो होतो.

पानशेत

फौजीदादा, तुमचा 'नंतर विचारा' हा मुद्दा मनात घोळतोय. कारगिलला ते झालं, बरोबर. पण बासष्टच्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी लोकसभेत तिचं थोडक्यात सार सांगितलं. अख्खा अहवाल सरकारने अजूनही जाहीर केलेला नाही. आलटूनपालटून सगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. हे 'नंतर' साठ वर्षांत आलं नाही. नोव्हेंबर बासष्टमध्ये वाजपेयी गप्प बसले असते तर?

सातारी_फौजी

हे खरंय. तो अहवाल बाहेर यायलाच पाहिजे. चूक कुणाची होती ते तिकडं मेलेल्यांच्या घरच्यांना कळायला नको का? यात मी तुमच्याबरोबर.

पण माझं एक धरून ठेवतो. तुकडी कुठं निघाली, तोफ कुठं लावली, हे लढाई चालू असताना कुणी लिहू नये. मग तो सरकारच्या बाजूचा असो नाहीतर विरोधातला. तुमच्या मित्रानं तसलं काही विचारलंच नव्हतं. कुणी आधी जाहीर केलं, हे विचारायला काय हरकत आहे? आम्ही पण बराकीत विचारलं असतं.

त्याला परत घेतलं का ग्रुपमध्ये?

पानशेत

दोनदा लिंक पाठवली, आला नाही. काल त्याच्या घरी गेलो होतो. चहा झाला, मुलीच्या लग्नाचं बोलणं झालं. निघताना चपला घालत होतो तेव्हा म्हणाला, "ग्रुपचं राहू दे. त्याला म्हणावं, एक फोन कर." मी बाकावरच्याला हे अजून सांगितलेलं नाही. रविवारी सांगणार आहे.