शिंपले, खेकडे, कोळंबी : तुमचं कुठे जुळलं, कुठे बिनसलं?

मित्रमैत्रिणींनो,

आमच्याकडे खेकडे शिजले की ताटं दोन ठिकाणी मांडावी लागतात. मी आणि मुलगा स्वयंपाकघरात, नवरा बाहेरच्या खोलीत. एरवी तो मासे आवडीने खातो, काटे निवडून निवडून खातो. पण कवच असलेलं काही समोर आलं की उठतो. लग्नाला १९ वर्षं झाली. मी कधी नीट विचारलं नाही, त्याने कधी सांगितलं नाही.

इतकी टोकाची मतं मी दुसऱ्या कुठल्या खाण्याबद्दल ऐकलेली नाहीत. खरं तर हे सगळे एका जातीचेही नाहीत. खेकडा, कोळंबी, शेवंड ही कोळी-झुरळांच्या लांबच्या गोतावळ्यातली मंडळी, तर कालवं, तिसऱ्या, शिंपले गोगलगायीच्या. तरी आपण त्यांना एकाच टोपलीत टाकतो आणि एका दमात ‘वा!’ नाहीतर ‘शी!’ म्हणतो.

तुमचं काय? नुसतं आवडतं-नावडतं लिहून जाऊ नका. चव, वास, स्पर्श, दिसणं, की एखादी आठवण, हे सांगा. प्रसंग सांगा.

*

मला खेकडा वडिलांमुळे आवडतो. ते फार बोलायचे नाहीत, पण खेकडा फोडताना माझ्याकडे बघून करायचे, मला दिसावं म्हणून. मोठ्या नांगीचं जे हलणारं बोट असतं, ते मागे वाकवायचं आणि हळूच ओढायचं. आतून एक पातळ, चपटं, काचेसारखं पातं येतं आणि त्याला धरून अख्खं मांस सुटून येतं. घाई केली की पातं एकटंच हातात येतं आणि मांस आत अडकून बसतं. मग काडीने कोरत बसा.

खेकडा भराभर खाताच येत नाही. एक खायला पाऊण तास लागतो, पोटात जातं मूठभर. ज्यांना हे वेळखाऊ वाटतं त्यांचं मी समजू शकते. मला तो पाऊण तासच हवा असतो. हात बरबटलेले असतात, फोनला कुणी शिवत नाही, उठून कुणी जात नाही.

आता वडिलांचे हात थरथरतात, म्हणून नांगी मी सोडवते. परवा पातं तुटलं. ते एवढंच म्हणाले, “अजून मागे वाकव.”

*

माझं कारण एका शब्दाचं. वाळू. लहानपणी खाल्लेल्या पहिल्याच तिसरीत दातांखाली करकरलं आणि ती करकर थेट कवटीत गेली. आजही तो शब्द लिहिताना जबडा आवळला गेला. नंतर कितीही स्वच्छ केलेल्या दिल्या तरी मी प्रत्येक घास भीत भीत चावते, आणि भीत चावलेल्याची चव लागत नाही.

*

वरच्या ताईंसाठी. तिसऱ्या नुसत्या धुऊन वाळू जात नाही, कारण ती बाहेर चिकटलेली नसून आत असते. हे जीव पाणी आत ओढून गाळून खातात, त्याबरोबर वाळूही येते. ती त्यांनी स्वतःच बाहेर टाकायला हवी. लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतकं खारट, आणि त्यात दोन-तीन तास थंड, अंधाऱ्या जागी ठेवायच्या. शांतपणे पाहिलंत तर शिंपला थोडा उघडून दोन बारीक नळ्या बाहेर काढतो आणि मधूनच चिळकांडी उडवतो. तळाशी वाळूचा थर जमतो. गोड्या पाण्यात मात्र ठेवू नका. त्या पाण्यात त्या मिटून घेतात, मरतातही, आणि वाळू आतच राहते. मला वाटतं तुमच्या ताटातल्या त्या पहिल्या तिसरीला हे दोन तास कुणी दिले नव्हते.

*

मी बत्तिसाव्या वर्षापर्यंत कोळंबी जीव तोडून खाल्ली. एका रात्री जेवण संपता संपता तळवे खाजायला लागले, मग ओठ जड झाले, मग अंगावर गांधी. घसा आवळायला लागला तेव्हा बहिणीने वाट न बघता इस्पितळात नेलं. तिथे लगेच अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासाची दिरंगाई झाली असती तर मी हे लिहायला नसते.

लोक म्हणतात, “इतकी वर्षं खात होतीस, आता कसली अ‍ॅलर्जी?” कवचवाल्यांची अ‍ॅलर्जी मोठेपणी सुरू होणं अजिबात नवलाचं नाही. बहुतेकदा तिचं मूळ असतं ट्रोपोमायोसिन नावाचं स्नायूंमधलं प्रथिन. शिजवून ते निष्प्रभ होत नाही, म्हणून ‘नीट उकळलंय, खा’ ह्या आग्रहाला अर्थ नाही. तशाच घडणीचं प्रथिन धुळीतल्या किड्यांत आणि झुरळांतही असतं. आणखी एक गैरसमज आयोडीनचा. माझ्या सीटी स्कॅनच्या वेळी घरचे घाबरले होते की स्कॅनसाठी टोचायच्या रंगद्रव्यात आयोडीन असतं, मग काय होणार. डॉक्टरांनी समजावलं की ही अ‍ॅलर्जी प्रथिनाची आहे, आयोडीनचा तिच्याशी संबंध नाही.

आता पाकिटावरचं बारीक अक्षर वाचणं हा माझा रोजचा उद्योग. युरोपीय संघात १४ अ‍ॅलर्जीकारक पदार्थ लिहावेच लागतात आणि त्यात कोळंबी-खेकडे वेगळे आणि शिंपल्यांचा वर्ग वेगळा. अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात मात्र पहिलाच वर्ग आहे, शिंपल्यांचा नाही. बाहेर जेवताना मी एकच प्रश्न विचारते : तळायचं तेल कोळंबीचंच का? विचारल्यावर कुणी हसलं तर मी तिथून उठते.

मी खेकडे-कोळंबीचा तिरस्कार करत नाही. मला त्यांची आठवण येते. हे कसं सांगू, कुणी तळत असेल तर मी त्या वासाने खोलीबाहेर जाते, कारण वाफेनेही काहींना त्रास होतो, आणि जाताना तोंडाला पाणी सुटलेलं असतं.

*

डोळे. डोक्यासकट आलेल्या कोळंबीचे काळे मण्यांसारखे डोळे. सोलून, डोकं काढून दिली तर मी पंचवीस खाईन.

*

मला वास सहन होत नाही, पण फक्त गरोदरपणात. दोन्ही वेळा. बाळंतपणानंतर पुन्हा पूर्वीसारखी खाऊ लागले. शरीर कधी काय ठरवतं, कळत नाही.

*

मी कालवं सोडली ती एका रात्रीमुळे. कच्ची खाल्ली होती, दहा-बारा. सहा तासांनी जे सुरू झालं ते दोन दिवस चाललं. गंमत नाही, त्या दोन दिवसांत मी चार किलोने उतरलो. माझ्याबरोबर जे जेवले त्यांनी तीच कालवं खाल्ली होती आणि त्यांना काहीही झालं नाही, त्यामुळे दोष कालवांचाच होता हे मी छातीठोक सांगू शकत नाही. पण माझ्या पोटाला पुरावा लागत नाही. आजही उघडलेल्या कालवाचा फोटो दिसला तरी जिभेच्या मुळाशी पाणी येतं.

ह्यावर पुढे वाचलं. जॉन गार्सिया ह्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये उंदरांना गोड पाणी पाजताना किरणोत्सर्गाचा मारा केला. त्याने उंदरांना मळमळलं आणि नंतर ते त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. पुढच्या प्रयोगांतून दिसलं की खाणं आणि मळमळ ह्यांत काही तासांचं अंतर असलं तरी एकदाच घडलेला प्रसंग पुरतो. बाकी गोष्टी शिकायला आपल्याला दहादा ठेच लागते, पण हे शरीर एका रात्रीत शिकतं आणि विसरत नाही. हे वाचल्यावर मी स्वतःला ‘नखरेल’ म्हणणं थांबवलं. घरच्यांनीही थांबवावं, एवढीच विनंती.

*

मी व्यवसायाने आचारी. नावडीचं निम्मं पाप माझ्या व्यवसायावर आहे. रबरासारखी लागली म्हणून लोक कोळंबी सोडतात, ती रबरासारखी केलेली असते. मध्यम कोळंबीला दोन-तीन मिनिटं पुरतात. शिंपल्याला वाफेवर तोंड उघडेपर्यंतच. त्यापुढे प्रत्येक मिनिट मांस आवळत जातं.

रंगाचं सांगतो, कारण मुलांना मी हे मुद्दाम दाखवतो. जिवंत शेवंड काळसर निळी, कोळंबी राखाडी. लाल रंग त्यांच्यात आधीपासून असतो, अ‍ॅस्टॅक्सँथिन त्याचं नाव, पण एका प्रथिनाने तो धरून ठेवलेला असतो. आच लागली की पकड सुटते आणि कडेकडेने केशरी पसरत जातं. तेवढं पाहिलं तरी पुरे, पातेलं उतरवा.

आणि तो गोडवा! समुद्राच्या खारटपणाशी तोल राखायला हे जीव अंगात ग्लायसिनसारखी अमिनो आम्लं साठवतात आणि ग्लायसिन जिभेला गोड लागतं. मेल्यावर ही चव भराभर उतरते, मांस आपसूक विरायला लागतं. म्हणून जिवंत आणून लगेच शिजवायची रीत. ज्यांना ‘वास’ आला म्हणून नको झालं, त्यांना बहुधा शिळं मिळालं होतं. ताज्याला समुद्राचा वास येतो. अमोनियासारखा नाकात झोंबला तर मी स्वतः फेकून देतो, कितीही महाग असो.

*

आचारीदादा, त्या ‘जिवंत आणून’वरच माझं अडलं. मी नऊ वर्षांचा असताना झाकणाला आतून नख्या घासल्याचा आवाज ऐकला. आईने झाकणावर पाटा ठेवला. मी त्या दिवशी जेवलो नाही आणि खेकडा त्यानंतर खाल्ला नाही.

बरीच वर्षं मला हळवा म्हणून गप्प बसवलं. मग स्वित्झर्लंडने २०१८ मध्ये शेवंड बेशुद्ध न करता जिवंत उकळायला बंदी केली, ब्रिटनने २०२२ च्या कायद्यात खेकडे-शेवंड संवेदनक्षम प्राण्यांत धरले. मला बरं वाटलं, लपवत नाही. शिंपले मात्र मी खातो. त्यांना मेंदू नसतो, मज्जापेशींचे छोटे पुंजके असतात. ही रेघ मी माझ्यापुरती ओढली आहे. ती सगळ्यांना पटेल असं नाही, बायकोलाही पटत नाही.

*

ओहोटीला खडकांत उतरून शिंपले वेचणं हा माझा आनंद, खाणं त्याच्या मागून. पाणी किती मागे जाणार हे पाहून निघायचं आणि पाणी वळायच्या आत परतायचं.

पण एक नियम मी कधी मोडत नाही. पाण्यात विषारी सूक्ष्म शैवाल फोफावल्याची सूचना असेल तर एकही शिंपला उचलायचा नाही. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला दीडशे लिटरहून जास्त पाणी गाळू शकतं. जे पाण्यात, ते त्याच्या अंगात साठतं. सॅक्सिटॉक्सिन नावाचं विष त्यातून येतं. त्याला चव नाही, वास नाही, आणि उकळूनही ते जात नाही. आधी ओठ मुंग्या आल्यासारखे होतात, पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात. वेचणाऱ्यांपैकी कुणी म्हणालं, “आम्ही इतकी वर्षं खातोय,” तरी ऐकू नका. शिंपला वरून तसाच दिसतो.

*

धागाकर्ती परत आले. सगळं दोनदा वाचलं. नवऱ्यालाही वाचायला दिलं. आचारीदादांचं आणि डोळ्यांबद्दलचं वाचून तो मान हलवत होता. मी विचारलं, “ह्यातलं तुझं कुठलं?” तो म्हणाला, “कुठलंच नाही. मला आवाज सहन होत नाही. कवच दातांनी फोडल्याचा आणि मग आतलं चोखल्याचा.” मी म्हटलं, “म्हणजे माझा?” तो म्हणाला, “तुझा, आणि आता त्याचाही.” १९ वर्षं मी चवीचं कारण धरून बसले होते.

आज सकाळी मी चार नांग्या उकडून, दार लावून, पातं धरून सोडवल्या. वडिलांच्या खेकड्याबद्दल लिहिलेल्या ताईंनी सांगितलं तसंच. एक तुटली. बाकीच्या तीन सबंध निघाल्या, त्या वाटीत घालून त्याच्यापुढे ठेवल्या आणि मी समोर काहीही न खाता बसले. त्याने दोन खाल्ल्या. तिसरी मुलाच्या ताटात सरकवली.