जुनी भावगीते आणि आजची मराठी गाणी: फरक गाण्यांत आहे की आपल्या कानांत?

मंद्रसप्तक

नमस्कार. माझे संगीताचे रीतसर शिक्षण झालेले नाही, मात्र मी नियमाने आणि लक्ष देऊन ऐकणारा श्रोता आहे. आकाशवाणीवरची ‘आपली आवड’ आणि घरातल्या कॅसेट यांवर माझा कान तयार झाला. त्यामुळे श्रीनिवास खळे, यशवंत देव, सुधीर फडके आणि हृदयनाथ मंगेशकर यांनी जे केले तेच मराठी गाणे, अशी माझी नकळत धारणा झाली आहे. माझी मुलगी महाविद्यालयात शिकते. तिला ही गाणी संथ वाटतात, त्यांचे ध्वनिमुद्रण पातळ वाटते आणि त्यांतले वाद्यमेळाचे तुकडे एकसारखे वाटतात. तिच्या यादीतली गाणी मी ऐकतो तेव्हा ठेका लक्षात राहतो, शब्द मात्र राहत नाहीत.

माझे म्हणणे एका उदाहरणाने सांगतो. मंगेश पाडगावकरांचे शब्द, खळ्यांची चाल आणि लता मंगेशकरांचा आवाज असलेले ‘श्रावणात घन निळा’ हे गीत घ्या. त्याच्या अंतऱ्यांच्या चाली वेगवेगळ्या आहेत, तरीही प्रत्येक अंतरा ध्रुवपदाला इतक्या सहजपणे येऊन मिळतो की, आपण स्वतः ते गाऊन पाहीपर्यंत ही गोष्ट ध्यानातही येत नाही. गुणगुणताना मात्र दुसऱ्या अंतऱ्याला पहिल्याची चाल लावली जाते आणि आपण अडकतो. शब्दांतले चित्र बदलले की चालही बदलते, हा विचार आजच्या किती गाण्यांत सापडतो?

‘जुने ते सोने’ किंवा ‘काळ बदलला’ एवढ्यावर थांबणारी उत्तरे नकोत, ही विनंती. गाणे तयार करण्याच्या पद्धतीतच काही बदलले आहे का, आणि बदलले असल्यास नेमके काय, हे जाणकारांनी सांगावे.

चौथी_ओसरी

आपला प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातली तुलना सम पायावर उभी नाही. आपण जुन्या काळातली निवडलेली गाणी घेतली आहेत आणि आजच्या काळातली समोर येतील ती. १९५० आणि १९६० च्या दशकांतही पुष्कळ सामान्य गाणी ध्वनिमुद्रित झाली. ती पुन्हा कोणी लावली नाहीत, म्हणून ती आपल्यापर्यंत आली नाहीत, एवढेच. शिवाय पौगंडावस्थेत आणि विशीत ऐकलेले संगीत माणसाच्या आठवणीत सर्वांत खोल रुजते, असे स्मृतीचा अभ्यास करणारे सांगतात. आपल्या मुलीच्या बाबतीतही आत्ता तेच घडते आहे.

हा वाद नवा नाही आणि तो केवळ घराघरांत झालेला नाही. १९४० पासून सुमारे तीन दशके आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी होती, कारण ते वाद्य आपल्या संगीताला मारक आहे असे तेव्हाच्या जाणत्यांना वाटत होते. पुढे १९५२ मध्ये केंद्रात माहिती व नभोवाणी खाते बाळकृष्ण विश्वनाथ केसकर या मराठी मंत्र्यांकडे आले. ते स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार होते. चित्रपटगीतांमुळे लोकांची अभिरुची बिघडते, या त्यांच्या ठाम मतामुळे आकाशवाणीवरून ती गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते ‘रेडिओ सिलोन’ या श्रीलंकेतल्या केंद्राकडे वळले आणि अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती ही मनोरंजनाची सेवा सुरू करावी लागली. ज्या चित्रपटगीतांपासून तेव्हा श्रोत्यांचे रक्षण करायचे होते, त्यांनाच आज आपण सुवर्णकाळ म्हणतो.

मात्र त्या धोरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रपटगीतांना पर्याय हवा म्हणून आकाशवाणीने सुगम संगीताला जागा, वादक आणि मानधन दिले. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी पुणे केंद्रावरून सुरू झाले. गदिमांनी (ग. दि. माडगूळकर) लिहायचे, बाबूजींनी (सुधीर फडके) चाल लावायची आणि दर आठवड्याला नवे गीत सादर करायचे, असे वर्षभर चालून ५६ गीते झाली. एखाद्या सार्वजनिक संस्थेने कवीला आणि संगीतकाराला वर्षभराचे काम सोपवावे, हे आज मला कोठेही दिसत नाही. माझ्या मते आपल्याला जाणवणाऱ्या फरकाचे एक मोठे कारण येथे आहे, कारण भावगीत गुणवंतांनी घडवले हे खरे असले तरी त्या गुणवंतांना आधार देणारी यंत्रणाही तेव्हा होती.

फेडर

मी ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून पद्धतीविषयीच्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

जुन्या पद्धतीत गायक, तबलजी, व्हायोलिनवादक आणि बासरीवादक एका दालनात, मोजक्या मायक्रोफोनभोवती उभे किंवा बसलेले असत. कोणाचा आवाज किती हवा, हे ज्याने त्याने मायक्रोफोनपासून किती अंतरावर राहायचे यावरून ठरे. एखादी जागा चुकली की सर्वांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. त्यामुळे आधी कसून तालीम होई आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी गायकाला संपूर्ण गाणे तोंडपाठ असे. अशा ध्वनिमुद्रिकेत लय किंचित श्वास घेते. अंतरा संपवून ध्रुवपदावर येताना गायक जरासा रेंगाळला, तर तबलाही त्याच्याबरोबर रेंगाळतो.

आज बहुतेक वेळा आधी संगणकावर ठेका आणि स्वरमेळ तयार होतो. गायक एकटाच काचेच्या खोलीत उभा राहतो, कानात क्लिक, म्हणजे लय धरून ठेवणारी टिकटिक, वाजत असतो आणि तो एकेक ओळ अनेकदा गातो. चुकलेली जागा तेवढीच ‘पंच’ करून घेतली जाते आणि वेगवेगळ्या टेकमधले (गाऊन घेतलेल्या आवृत्त्यांमधले) उत्तम तुकडे जोडून एक सलग गाणे तयार होते. नंतर स्वर जुळवणारे सॉफ्टवेअर येते. ऑटो-ट्यून १९९७ मध्ये बाजारात आले आणि आता त्या प्रकारचे साधन अगदी छोट्या स्टुडिओतही असते. शेवटी कॉम्प्रेशन करून हळू आणि मोठ्या आवाजांतले अंतर कमी केले जाते, कारण गाणे मोबाइलच्या स्पीकरवर, बसमध्ये आणि रस्त्यावरही ऐकू यायला हवे असते. आपल्या मुलीला जुने ध्वनिमुद्रण पातळ वाटते, याचे हे एक कारण आहे. त्या मुद्रिकांत हळू आवाज खरोखरच हळू ठेवलेला असतो.

या साधनांना मी दोष देत नाही. पंच करण्याची सोय असल्यामुळे एखादी नाजूक हरकत (सुरांची छोटी वळणदार जागा) गायक धाडसाने घेऊन पाहतो, कारण ती फसली तरी साऱ्या वाद्यवृंदाचा वेळ वाया जात नाही. ‘सैराट’ (२०१६) साठी अजय-अतुल यांनी लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत सिंफनी वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तेव्हा, माणसांनी एकत्र बसून वाजवलेला नाद आजही हवासा वाटतो आणि त्यासाठी खर्च करण्याची तयारीही असते.

लांबीविषयी एक खुलासा करतो. आजची गाणी घाईची आहेत, असे पुष्कळ लोक म्हणतात. स्ट्रीमिंगच्या प्रमुख सेवांवर गाणे ३० सेकंद ऐकले गेले तरच ते मोजले जाते, म्हणून प्रारंभीचे संगीत आखडते घेऊन आवाज लवकर आणला जातो, हे खरे आहे. परंतु मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत. रंगभूमीवर ‘वन्स मोअर’ घेत लांबत जाणारे नाट्यपद त्या अवधीत बसवावे लागे. यंत्राची मर्यादा गाण्याचा आकार ठरवते, हे तेव्हाही होते आणि आताही आहे.

ढोलकीचा_तोडा

वरची चर्चा वाचताना एक गोष्ट खटकली. ‘जुने मराठी संगीत’ म्हणजे भावगीत आणि नाट्यगीत, असे सर्वांनी गृहीत धरले आहे. आमच्या वस्तीत जुने संगीत म्हणजे लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी, प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज आणि विठ्ठल उमप यांचा पोवाडा. हे गाणे आकाशवाणीच्या दालनात घडले नाही. ते जयंतीच्या मंडपात, कव्वालीच्या सामन्यात आणि रात्र रात्र चालणाऱ्या जलशांत घडले. तेथे गायकाला मायक्रोफोनपासूनच्या अंतराची चिंता नव्हती. हजारो माणसांतल्या शेवटच्या माणसापर्यंत शब्द पोहोचला पाहिजे, एवढीच अट होती. वामनदादांची ओळ एकदा ऐकली की मंडपातला माणूस ती घरी घेऊन जात असे. शब्द लक्षात राहण्याची आपली कसोटी लावायची असेल, तर ती या गाण्यांनाही लावून पाहावी, असे मी आग्रहाने सुचवतो.

कॅसेट आली तेव्हा पुष्कळांनी अभिरुची घसरल्याची तक्रार केली. आमच्यासाठी कॅसेट ही मोठी सोय ठरली, कारण तोवर ज्यांचे गाणे फक्त समोर बसून ऐकता येत असे, ते गावोगाव पोहोचले. प्रल्हाद शिंदे, त्यांचे पुत्र आनंद शिंदे आणि नातू आदर्श शिंदे या तीन पिढ्यांची गाणी लागोपाठ ऐकली तर जुने कोठे संपले आणि नवे कोठे सुरू झाले, हे मला सांगता येणार नाही. आवाजाची फेक तीच आहे, फक्त मागचा वाद्यमेळ बदलला आहे.

द्रुतलय

मी मूळ प्रश्नकर्त्यांच्या मुलीच्या वयाची आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. माझ्या पिढीला जुने आवडत नाही, असे सरसकट म्हणू नये. ‘कट्यार काळजात घुसली’ हे १९६७ चे नाटक मी पाहणे शक्यच नव्हते. २०१५ चा चित्रपट पाहिला, त्यातून जितेंद्र अभिषेकींच्या चाली कळल्या आणि मग मी वसंतराव देशपांड्यांच्या मुद्रिका शोधत गेले. नव्या दाराने जुन्या घरात शिरण्याचा हा अनुभव माझ्या अनेक मैत्रिणींचाही आहे.

आजच्या गाण्यांत शब्द राहत नाहीत, हे मला मान्य नाही. संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांचा ‘आयुष्यावर बोलू काही’ हा कार्यक्रम २००३ मध्ये सुरू झाला आणि त्यात आधी कविता, मग चाल हाच क्रम आहे. ‘जोगवा’ (२००९) मधील गाण्यांसाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल या दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांची युगुलगीताची मुद्रिका कान देऊन ऐकावी, तिच्यातही थांबणे आहे, कुजबुज आहे आणि शब्दाला दिलेला वेळ आहे. दुसरीकडे ‘गुलाबी साडी’ (२०२४) हे गाणे संजू राठोड या तरुणाने स्वतः लिहिले आणि गायले, आणि ते रील्सवरून देशभर गेले. ते नाचण्याचे गाणे आहे, त्याला ‘शुक्रतारा मंद वारा’सारख्या भावगीताशेजारी बसवून गुण देऊ नयेत. जुन्या काळीही लग्नाच्या वरातीत बँडवर भावगीत वाजत नव्हते.

आणखी एक गोष्ट आदरपूर्वक सांगते. आधी चाल आणि मग शब्द ही पद्धत आजची नाही. जुन्या चित्रपटांतही चालीवर शब्द लिहिले जातच होते. तेव्हा फरक असेल तर तो क्रमात नसून लिहिणाऱ्याच्या तयारीत आहे.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनापासून आभार. ‘फेडर’ यांनी सांगितलेला लयीचा श्वास मी काल रात्री मुद्दाम शोधला. अरुण दाते आणि सुधा मल्होत्रा यांनी गायलेले ‘शुक्रतारा मंद वारा’ हेडफोनवर ऐकताना ओळीच्या शेवटी आवाज विरत जातो, तेव्हा त्या जागेत दुसरे काहीही भरलेले नाही, हे स्पष्ट कळले. मुलीलाही ते ऐकवले. तिला ती मोकळी जागा आवडली, गाणे मात्र अजूनही संथच वाटले, आणि ते तिने सरळ सांगितले याचा मला आनंद आहे. ‘ढोलकीचा_तोडा’ यांचा मुद्दा मला पूर्णपणे पटला आहे. वामनदादांची गाणी आता आम्ही दोघे मिळून ऐकणार आहोत.

‘द्रुतलय’ यांच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे आणि त्याच धाग्याला धरून माझी एक तक्रार मांडतो. आकाशवाणीवर निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत असत. वा. रा. कांत, शांता शेळके, आरती प्रभू ही कवींची नावे मला पुस्तकांच्या आधी रेडिओवरूनच कळली. आता मोबाइलवर गाणे लावले की गायकाचे नाव ठळक दिसते, संगीतकाराचे कधी कधी दिसते आणि कवीचे नाव शोधूनही सापडत नाही. ‘बगळ्यांची माळ फुले’ हे गीत कोणाचे, असे मुलीने विचारले तेव्हा पडद्यावर फक्त वसंतराव देशपांडे हे नाव होते. ज्या पिढीला कवीचे नाव दिसतच नाही, ती शब्दांकडे दुर्लक्ष करते असा ठपका आपण तिच्यावर कसा ठेवणार? नव्या गाण्यांचीही हीच अवस्था आहे, आज लिहिणाऱ्या कवींची नावे मला स्वतःला चार-दोनच सांगता येतील.

म्हणून पुढे प्रतिसाद देणाऱ्यांना विनंती आहे की, गेल्या दहा वर्षांतले आपल्याला आवडलेले एखादे मराठी गाणे सुचवावे आणि सुचवताना त्याच्या कवीचे व संगीतकाराचे नाव आवर्जून लिहावे. ती गाणी मी ओळीने ऐकणार आहे.

चौथी_ओसरी

सुरुवात मी करतो, गाणे मात्र दहा वर्षांहून जुने आहे. सुरेश भटांच्या ‘लाभले आम्हास भाग्य’ या कवितेला कौशल इनामदार यांनी चाल लावली आणि २०१० मध्ये ते मराठी अभिमानगीत म्हणून प्रसिद्ध झाले. त्यात चारशेहून अधिक गायकांचे आवाज आहेत. मुलीबरोबर ऐकताना शेवटच्या भागातील समूहस्वराकडे लक्ष द्यावे, तेथे एकाच ओळीत नाट्यसंगीताचा आणि लोकसंगीताचा आवाज शेजारी शेजारी ऐकू येतो.