पासपोर्ट क्रमांक तिकीट काढतानाच कशाला हवा?

वाटसरू
परदेशी विमानाचं तिकीट काढताना नाव, जन्मतारीख, लिंग विचारतात ते समजतं. पण बऱ्याच बुकिंग साइट्स त्याच पानावर पासपोर्ट क्रमांक आणि मुदतही सक्तीने भरायला लावतात. रकाना रिकामा ठेवला की पुढे जाताच येत नाही. ही सक्ती चुकीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

विमान कंपन्यांकडून सरकारांना जाणारी प्रवाशांची माहिती दोन प्रकारची असते. एक एपीआय, म्हणजे पासपोर्टवर छापलेला तपशील. दुसरी पीएनआर, म्हणजे बुकिंगची नोंद: मार्ग, संपर्क, पैसे कसे भरले, सामान किती. यातली एपीआय सहसा चेक-इनच्या वेळी पक्की होते. अमेरिकेची प्रवाशांच्या तपासणीची 'सिक्युअर फ्लाइट' योजनाही उड्डाणाच्या ७२ तास आधी जे मागते ते पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग. मग प्रवासाच्या कितीतरी महिने आधी, विमान कंपनीसुद्धा नसलेल्या मधल्या साइटला पासपोर्ट क्रमांक का द्यायचा? २०१८ मध्ये हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक या विमान कंपनीकडून सुमारे ९४ लाख प्रवाशांची माहिती फुटल्याचं उघड झालं. त्यात सुमारे ८ लाख ६० हजार पासपोर्ट क्रमांक होते. पासवर्ड फुटला तर लगेच बदलता येतो. पासपोर्टचं तसं नाही.

तिकीट_खिडकी
साफ असहमत. मी तिकिटिंगमध्येच काम करते. पासपोर्ट मागितला नाही तर लोक आठवणीतून नाव टाइप करतात, आणि सगळा गोंधळ तिथून सुरू होतो. कोणी घरी वापरतात ते नाव लिहितं, कोणी लग्नानंतरचं आडनाव लिहितं आणि पासपोर्टवर जुनंच असतं. पासपोर्ट समोर उघडा असला की नाव आपोआप बरोबर उतरतं.

ज्यांच्या पासपोर्टवर एकच नाव आहे त्यांचे हाल तर विचारू नका. आडनावाचा रकाना रिकामा, पण साइट तो भरल्याशिवाय सोडत नाही. मग कोणी तेच नाव दोनदा लिहितं, कोणी 'एफएनयू' (म्हणजे 'फर्स्ट नेम अननोन') टाकतं. प्रत्येक कंपनीची रीत वेगळी. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पर्यटक व्हिसावर एकच नाव असलेल्यांना प्रवेश नाकारायला सुरुवात केली. हे तिकिटाच्या वेळीच कळलेलं बरं की काउंटरवर? एखादं अक्षर चुकलं तर बहुतेक कंपन्या दुरुस्त करून देतात. आडनावच वेगळं निघालं तर बरेचदा तिकीट रद्द करून त्या दिवसाच्या भाड्याने नवं काढावं लागतं.

वाटसरू
ताई, नाव पासपोर्टप्रमाणेच हवं यावर वादच नाही. पासपोर्ट समोर ठेवून नाव लिहा असं ठळक सांगा की! त्यासाठी क्रमांक साठवायची गरज कुठे येते?

नवा_पासपोर्ट
नूतनीकरण झालं की क्रमांक बदलतो. माझा पासपोर्ट आत्ता नूतनीकरणाला दिलाय आणि भाडं आज स्वस्त आहे. जुना क्रमांक टाकू की थांबू?

तिकीट_खिडकी
@नवा_पासपोर्ट, नाव बदलणार नसेल तर जुना टाकून काढा, नवा हातात आला की 'मॅनेज बुकिंग'मध्ये बदला. बहुतेक ठिकाणी चालतं. व्हिसा किंवा ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी) मात्र नव्या क्रमांकावरच घ्या, कारण त्यात पासपोर्ट क्रमांक बांधलेला असतो.

दोन_ओळी
मला तिसराच मुद्दा मांडायचाय. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली प्रत्येकी ४४ अक्षरांच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत यांच्या पुढे एकेक तपासणी अंक असतो. आधीच्या अक्षरांना क्रमाने ७, ३, १ ने गुणून तो काढतात. म्हणून यंत्राने वाचताना चूक झाली तर ती बहुधा तिथेच पकडली जाते. हाताने भरायच्या फॉर्मला हा अंक कोणी विचारत नाही. तिथे शून्याच्या जागी 'ओ' अक्षर पडलं तरी फॉर्म मुकाट घेतो, आणि ती चूक थेट चेक-इनला समोर येते.

नावाचंही तसंच. त्या ओळींत फक्त साधी रोमन अक्षरं चालतात. जर्मन नावातल्या दोन टिंबांच्या 'यू'चं तिथे सहसा 'यूई' होतं, आणि लोक तिकिटावर नुसता 'यू' लिहितात. म्हणजे लवकर मागून अचूकता येते हे मला पटत नाही. मागायचंच तर कॅमेऱ्याने त्या ओळी वाचून घ्या.

सामानासह
सगळे प्रवाशाच्या बाजूने बोलताहेत, विमान कंपनीचंही बघा. योग्य कागदपत्रांशिवाय प्रवासी उतरला आणि त्याला प्रवेश नाकारला, तर परत न्यायची जबाबदारी कंपनीची, वर अनेक देशांत दंड. बरेच देश पासपोर्टला सहा महिने मुदत शिल्लक हवी म्हणतात. बुकिंगच्या वेळी मुदत विचारली तर प्रवाशाला नूतनीकरणाला वेळ मिळतो. आदल्या दिवशी कळून काय उपयोग?

खिडकीजवळ
पासपोर्ट क्रमांकावर एवढा वाद, पण पीएनआरमधून आपण कोणासोबत फिरतो, पैसे कोणी भरले हे सगळं कळतं त्याचं काय? युरोपीय संघाच्या २०१६ च्या निर्देशात ही नोंद पाच वर्षं ठेवायला सांगितलं होतं, सहा महिन्यांनी ओळख झाकून. जून २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की ज्यांच्याविरुद्ध काहीच ठोस नाही त्यांची माहिती सहा महिन्यांनंतर सरसकट ठेवता येणार नाही. खरी लढाई ही आहे. आणि बोर्डिंग पासचे फोटो टाकणाऱ्यांनो, त्यावरचा सहा अक्षरांचा बुकिंग कोड आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर तुमचं अख्खं बुकिंग उघडतं.

वाटसरू
@सामानासह, मुदतीचा मुद्दा मान्य. मग फक्त मुदतीची तारीख विचारा आणि कमी भरत असेल तर इशारा द्या. क्रमांक नंतर, थेट विमान कंपनीला, @दोन_ओळी म्हणतात तसा स्कॅन करून.

तिकीट_खिडकी
'नंतर' म्हणजे कधी? मेल बघत नाहीत, आठवण करून दिली तरी भरत नाहीत, आणि शेवटी काउंटरवर आमच्या नावाने ओरडतात. रकाना ऐच्छिक केलात तर निम्मे लोक तो भरणारच नाहीत. माझं मत बदललेलं नाही.